डोळ्याच्या पडद्याची यंत्राने तपासणी: घेण्यापूर्वी काय पारखावे?

वाचकांचे पत्र: आमची संस्था मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी धर्मादाय दवाखाना चालवते. दर गुरुवारी मधुमेहाची बाह्यरुग्ण तपासणी असते आणि सुमारे १,२०० रुग्णांची नोंद आमच्याकडे आहे. गावात नेत्रतज्ज्ञ नाहीत; पडद्याचे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीने दोन तासांच्या अंतरावर भेटतात. अलीकडे एका कंपनीच्या प्रतिनिधींनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून मधुमेहाचा परिणाम झाला आहे की नाही हे तिथल्या तिथे सांगणारे यंत्र दाखवले. त्यांच्या माहितीपत्रकावर ‘९७ टक्के अचूक’ असे छापलेले आहे. एक देणगीदार खर्च उचलण्यास तयार आहेत आणि यंत्र आले की कोणाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावेच लागणार नाही, असे त्यांना वाटते. आमच्या डॉक्टरांना मात्र शंका आहे. या आकड्यावर किती विश्वास ठेवावा, आणि आम्ही स्वतः यंत्र कसे पारखावे?
(एका संस्थेच्या चिटणीस)

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपल्या डॉक्टरांची शंका रास्त आहे, तरीही अशा यंत्रांच्या मी बाजूने आहे, हे आधीच सांगतो. मधुमेहामुळे पडद्यावर होणारा विकार बराच पुढे जाईपर्यंत दुखत नाही, खुपत नाही आणि बहुधा नजरही कमी करत नाही; त्यामुळे रुग्ण आपणहून येतो तेव्हा अनेकदा उपचाराची उत्तम वेळ टळून गेलेली असते. ही वेळ साधली तर काय होते, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७६ सालीच दाखवून दिले होते: पडद्यावर वेळीच लेझर केल्याने तीव्र अंधत्वाचा धोका निम्म्याहून अधिक घटला. त्यानंतर डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आली आणि पडद्यावरील सुजेचा उपचारही पुष्कळ सुधारला. म्हणजे उपचार आहेत. रुग्ण त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, ही अडचण आहे. आपल्या १,२०० रुग्णांपैकी बहुतेकांचा पडदा आजवर कोणी पाहिलेलाच नसावा, असा माझा अंदाज आहे. तेव्हा या यंत्राची तुलना एखाद्या निष्णात तज्ज्ञाशी करण्याआधी, आज होत असलेल्या शून्य तपासणीशी करणे न्यायाचे ठरेल.

आता त्या ९७ टक्क्यांकडे वळू. ‘अचूकता’ हा एकच आकडा जिथे दिलेला असतो, तिथे तो जवळजवळ निरुपयोगी असतो. भारतात ४० वर्षांवरील लोकांच्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले, मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे १२.५ टक्के जणांच्या पडद्यावर विकार आढळला आणि नजरेला धोका पोहोचवणारा विकार सुमारे ४ टक्क्यांना होता. आपण असे धरू की आपल्या दवाखान्यात तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगे रुग्ण शंभरात सहा आहेत. मग एखाद्या यंत्राने काहीही न पाहता प्रत्येकाला ‘ठीक आहे’ असे सांगितले, तरी ते ९४ टक्के अचूक ठरेल आणि ज्यांच्यासाठी ते आणले त्या सहाही जणांना घरी पाठवील. म्हणून कंपनीकडे दोन आकडे वेगवेगळे मागावेत. ज्यांना विकार आहे त्यांपैकी किती जण यंत्राने पकडले, ही त्याची संवेदनशीलता. आणि ज्यांना विकार नाही त्यांपैकी किती जणांना यंत्राने योग्य रीतीने ‘नाही’ म्हटले, ही विशिष्टता.

हे दोन्ही आकडे ९० टक्के आहेत असे समजा आणि हिशेब मांडून पाहा. एक हजार मधुमेही तपासले, त्यांत पाठवण्याजोगे ६० होते. यंत्र त्यांपैकी ५४ पकडेल आणि ६ सुटतील. उरलेल्या ९४० निरोगींपैकी ९४ जणांना ते उगाच ‘तज्ज्ञाकडे जा’ असे सांगेल. एकूण १४८ जणांच्या हाती चिठ्ठी पडेल आणि त्यांतील सुमारे ३६ टक्क्यांनाच खरोखर विकार असेल. हा हिशेब देणगीदारांना जरूर दाखवावा, कारण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोणाला पाठवावे लागणार नाही ही त्यांची अपेक्षा याच ठिकाणी मोडते. आजवर ज्यांना कोणी पाठवलेच नव्हते, त्यांना हे यंत्र पाठवू लागेल. जिल्ह्याच्या डॉक्टरांकडील रुग्ण वाढतील, आणि ते वाढले तरच यंत्राचा उपयोग झाला असे म्हणता येईल.

हे दोन आकडेही यंत्राच्या अंगी कायमचे चिकटलेले नसतात. यंत्र प्रत्येक फोटोला मनातल्या मनात गुण देते आणि किती गुणांपुढे ‘पाठवा’ म्हणायचे ही रेघ माणूस ठरवतो. २०१६ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात गूगलच्या संशोधकांचा जो गाजलेला शोधनिबंध आला, त्यात एकाच संगणकप्रणालीचे निकाल दोन ठिकाणी रेघ ओढून दिलेले आहेत: एके ठिकाणी संवेदनशीलता ९७.५ आणि विशिष्टता ९३.४ टक्के, दुसऱ्या ठिकाणी ९०.३ आणि ९८.१ टक्के. प्रणाली तीच, फोटोही तेच. माहितीपत्रकावरील आकडा कोणत्या रेघेवरचा आहे आणि आपल्याला दिल्या जाणाऱ्या यंत्रात रेघ कुठे ओढलेली आहे, हे लेखी विचारावे. ‘विकार’ म्हणजे नेमकी कोणती पायरी, हेही विचारावे. सौम्य अवस्थेपासून मोजले आहे की त्याच्या पुढच्या अवस्थेपासून, यावर सगळे आकडे बदलतात.

अभ्यास वाचताना मी सर्वांत आधी पाहतो तो तक्ता म्हणजे वगळलेल्या रुग्णांचा. मोतीबिंदू असलेल्या, बाहुली लहान असलेल्या किंवा मान स्थिर न राहणाऱ्या वृद्ध रुग्णाचा फोटो धूसर येतो आणि यंत्र ‘वाचता येत नाही’ असे सांगते. पुष्कळ अभ्यासांत असे फोटो बाजूला ठेवून उरलेल्यांवर टक्केवारी काढलेली असते. पण वयस्क आणि जुना मधुमेह असलेले रुग्ण हेच विकार असण्याची शक्यता जास्त असलेले रुग्ण असतात, म्हणजे गाळले जातात ते नेमके आपल्याला हवे असलेले लोक. थायलंडमध्ये गूगलची प्रणाली सरकारी दवाखान्यांत वापरून पाहिली गेली, त्याचा २०२० साली प्रसिद्ध झालेला वृत्तांत प्रत्येक संस्थाचालकाने समजून घ्यावा असा आहे. तेथे यंत्रात घातलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो यंत्राने नाकारले. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट मंद होते, परिचारिकांवर गर्दीचा ताण होता. आणि ज्याचा फोटो नाकारला गेला त्या रुग्णाला दूरच्या रुग्णालयात जावे लागणार, या विचाराने काही परिचारिका रुग्णांना या तपासणीत भाग घेण्यापासून परावृत्त करू लागल्या. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली प्रणाली दवाखान्यात अशी अडखळली, आणि तिच्यामागे गणिताची चूक नव्हती. आपल्याकडे गुरुवारी खोली किती अंधारी करता येते, वीज किती वेळा जाते आणि मोबाइलची रेंज कशी असते, हे प्रश्न म्हणून क्षुल्लक नाहीत. इंटरनेटविना चालणारे यंत्र आपल्यासारख्या ठिकाणी उजवे ठरेल.

महाराष्ट्रातील एक अभ्यास इथे सांगतो, कारण तो आपल्या परिस्थितीच्या सर्वांत जवळचा आहे. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढले आणि फोनमधीलच, इंटरनेट न लागणाऱ्या प्रणालीने ते वाचले. डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात तज्ज्ञाकडे पाठवण्याजोग्या विकारासाठी संवेदनशीलता १०० टक्के आणि विशिष्टता ८८.४ टक्के आली. नेत्रतज्ज्ञ नसलेले, थोड्या प्रशिक्षणाने तयार झालेले कर्मचारी हे काम करू शकतात, ही यातील खरी मोलाची गोष्ट आहे आणि आपल्या परिचारिकांना ती आवर्जून सांगावी. मात्र १०० टक्क्यांच्या शेजारी संशोधकांनी प्रामाणिकपणे दिलेली मर्यादाही वाचावी: खरी संवेदनशीलता ७८.२ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. पाठवण्याजोगे रुग्ण मोजकेच असले की असेच होते. पंधरापैकी पंधरा पकडले गेले, म्हणून सोळावा सुटणार नाही याची हमी मिळत नाही.

स्वतंत्र परीक्षणाचे महत्त्व आणखी एका अभ्यासाने ठसते. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या, सिअ‍ॅटल आणि अटलांटा येथील रुग्णालयांतील २३,७२४ रुग्णांच्या फोटोंवर पाच कंपन्यांच्या सात प्रणाली एकाच वेळी चालवण्यात आल्या आणि निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. संवेदनशीलता सुमारे ५१ टक्क्यांपासून ८६ टक्क्यांपर्यंत विखुरलेली निघाली. एका ठिकाणच्या फोटोंवर शिकलेली प्रणाली दुसऱ्या ठिकाणच्या कॅमेऱ्यावर, दुसऱ्या वयोगटावर, दुसऱ्या पद्धतीने काढलेल्या फोटोंवर तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रतिनिधींना सरळ विचारावे: कंपनीशी संबंध नसलेल्यांनी, भारतीय रुग्णांवर, याच कॅमेऱ्याने, याच आवृत्तीवर केलेला अभ्यास आहे काय? आवृत्ती बदलली की उत्तर बदलते, हे लक्षात असू द्यावे.

चांगला अभ्यास कसा असतो याचा एक नमुना म्हणजे आयडीएक्स-डीआर या प्रणालीची चाचणी. डॉक्टरने फोटो न पाहता स्वतःच निर्णय देणारी ही पहिली प्रणाली. तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१८ मध्ये मान्यता दिली. दहा प्राथमिक दवाखान्यांत ९०० रुग्ण घेतले होते. किती संवेदनशीलता मिळाली तर यश मानायचे हे आधीच जाहीर केले होते (८५ टक्के), आणि मिळाली ८७.२ टक्के, विशिष्टता ९०.७ टक्के आली. ९६.१ टक्के रुग्णांचे फोटो वाचता आले, हेही स्वतंत्रपणे सांगितले. शिवाय खरे उत्तर ठरवताना पडद्याच्या मध्यभागी सूज आहे की नाही हे ओसीटी तपासणीने (प्रकाशाच्या साह्याने पडद्याची जाडी दाखवणारी तपासणी) पाहिले होते. हा मुद्दा मला विशेष वाटतो, कारण सपाट फोटोत पडद्याची जाडी दिसत नाही. यंत्र पिवळसर साक्यांवरून सुजेचा केवळ अंदाज बांधते. ज्या अभ्यासात खरे उत्तरही त्याच फोटोवरून माणसाने ठरवलेले असते, तिथे यंत्र आणि माणूस दोघांनाही न दिसलेली सूज हिशेबातच येत नाही.

या सगळ्याचा अर्थ माणूस चुकत नाही असा मात्र घेऊ नये. मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालय या दोन संस्थांत ३,०४९ रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोटो वाचणाऱ्या माणसांची संवेदनशीलता ७३.४ ते ८९.८ टक्क्यांच्या दरम्यान होती आणि यंत्राची अनुक्रमे ८८.९ व ९२.१ टक्के होती. थकवा न येणे आणि शंभराव्या फोटोलाही पहिल्याइतकेच लक्ष देणे, हे यंत्राचे सामर्थ्य खरे आहे.

आता आपण स्वतः काय करावे ते सांगतो. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते तीन महिन्यांसाठी वापरायला मागावे आणि गुरुवारी येणाऱ्या मधुमेही रुग्णांपैकी संमती देणारा प्रत्येक जण ओळीने त्यात घ्यावा. निवडक रुग्ण घेऊ नयेत. कंपनी कदाचित जिल्ह्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडील माहीत असलेले रुग्ण आणून चाचणी करू असे सुचवील. ते मान्य करू नये, कारण तिथे विकार ठळक झालेले रुग्ण असतात, ते कोणत्याही यंत्राला सहज ओळखता येतात आणि निकाल फुगतो. दोनशेच्या आसपास रुग्ण झाले की थांबून मोजावे. पडद्याच्या डॉक्टरांना एक-दोन दिवस आपल्याकडे बोलवावे आणि यंत्राने काय सांगितले हे त्यांना न कळवता, बाहुली मोठी करणारे थेंब घालून रुग्ण तपासून घ्यावेत. दोनशेही जण तपासणे शक्य नसेल, तर यंत्राने ‘पाठवा’ म्हटलेले सगळे, फोटो न वाचता आलेले सगळे, आणि ‘ठीक’ म्हटलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेला चौथा हिस्सा तपासावा. हा शेवटचा गट पुष्कळदा गाळला जातो आणि तिथेच घात होतो: ‘ठीक’ म्हटलेल्यांकडे कोणी पाहिलेच नाही, तर सुटलेला रुग्ण सापडणार कसा? त्या चौथ्या हिश्श्यात एक सुटलेला आढळला, तर एकूण चार सुटले असावेत असा ढोबळ अंदाज धरावा.

एक गोष्ट स्पष्ट ठेवावी. दोनशे रुग्णांत पाठवण्याजोगे बाराच असतील, त्यामुळे एवढ्या चाचणीवरून यंत्राची संवेदनशीलता ठरवता येणार नाही; त्यासाठी मोठ्या, स्वतंत्र अभ्यासांवरच विसंबावे लागेल. पण शंभरातील किती फोटो वाचता आले, थेंब घातल्यावर हे प्रमाण किती सुधारले, एका रुग्णाला किती मिनिटे लागली, किती जणांना उगाच पाठवले, आणि आपल्या परिचारिकेला हे काम गर्दीच्या दिवशी झेपले का, हे आपल्याच दवाखान्यात कळू शकते आणि दुसरा कोणताही अभ्यास ते सांगू शकत नाही. मोजताना छेदस्थानी खुर्चीवर बसलेला प्रत्येक रुग्ण असावा. फोटो न वाचता आलेला रुग्ण ‘पाठवा’ या गटातच मोजावा. त्याला पुढच्या महिन्यात पुन्हा या असे सांगून सोडू नये. शंभरात पंधरा-वीस फोटो थेंबांनंतरही वाया जात असतील, तर हे यंत्र आपल्यासाठी नाही असे मी म्हणेन, मग संवेदनशीलता कितीही असो.

आणि सर्वांत कळीचा आकडा यंत्राच्या पडद्यावर कधीच दिसणार नाही: ज्यांना चिठ्ठी दिली त्यांपैकी किती जण तीन महिन्यांत पडद्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले आणि गरज असलेल्यांपैकी किती जणांना लेझर किंवा इंजेक्शन मिळाले. इंग्लंडने २००३ पासून मधुमेही रुग्णांची नाववार यादी करून प्रत्येकाला दरवर्षी पडद्याच्या फोटोसाठी बोलावण्याची व्यवस्था उभारली. पुढे २००९-१० च्या नोंदी तपासल्या तेव्हा इंग्लंड व वेल्समध्ये काम करण्याच्या वयातील अंधत्वाचे पहिले कारण हे स्थान निदान पाच दशकांत प्रथमच या विकाराकडे राहिले नव्हते. ते फोटो माणसे वाचत होती. यादी, बोलावणे आणि न आलेल्याला पुन्हा बोलावणे यांचा त्या यशात मोठा वाटा होता, असे माझे मत आहे. म्हणून देणगीदारांना माझी कळकळीची विनंती सांगावी की रकमेतील एक भाग यंत्रासाठी न वापरता पाठपुराव्यासाठी राखून ठेवावा: फोन करणारी एक कार्यकर्ती, एसटीचे भाडे, आणि ज्याचा रोज बुडणार आहे त्याला थोडी मदत. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत येणाऱ्याचाही विचार करावा. जिल्ह्याच्या डॉक्टरांशी आधीच बोलून महिन्यातील एक दिवस आपल्या रुग्णांसाठी ठरवून घेता आला, तर निम्मे काम झाले.

ज्यांना यंत्र ‘ठीक’ म्हणेल त्यांच्या हातातील कागदावरचे शब्दही आपणच लिहावेत. ‘डोळे चांगले आहेत’ असे त्यावर असू नये, कारण ही प्रणाली काचबिंदू, मोतीबिंदू किंवा अन्य विकारांबद्दल काहीही सांगत नाही. ‘मधुमेहामुळे पडद्यावर होणारे, उपचारासाठी पाठवण्याजोगे बदल आज दिसले नाहीत, पुढील तपासणी एक वर्षाने, मध्येच नजर कमी झाली, डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा जाळे आले तर वाट न पाहता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे’ एवढे मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावे. ज्यांना आजच नजरेची तक्रार आहे, ज्यांचे पूर्वी लेझर झाले आहे, आणि ज्या गरोदर स्त्रियांना गरोदरपणाआधीपासून मधुमेह आहे, त्यांना यंत्रापुढे न बसवता थेट तज्ज्ञाकडे पाठवावे.

कराराबाबत थोडक्यात. भारतात सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येते, म्हणून नोंदणीची कागदपत्रे पाहावीत. आवृत्ती बदलण्यापूर्वी आपल्याला कळवावे, रुग्णांचे फोटो कुठे साठवले जातात आणि कंपनी ते आपली प्रणाली शिकवण्यासाठी वापरणार का हे लेखी द्यावे, आणि रुग्णाची संमती त्याला समजेल अशा मराठीत घ्यावी. प्रत्येक फोटोमागे पैसे आकारले जाणार असतील, तर नाकारलेल्या फोटोचे पैसे कोण देणार, हेही आधी ठरवावे.

तीन महिन्यांची चाचणी, निकाल न कळवता तज्ज्ञांनी केलेली तपासणी आणि सगळे आकडे संस्थेकडे राहणे, या तीन अटी कंपनीने मान्य केल्या तर पुढे जाण्यास माझा पाठिंबा आहे. यांपैकी एकीलाही नकार मिळाला, तर दुसऱ्या कंपनीला बोलवावे. तोवर देणगीतून पडद्याच्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा दवाखान्यात आणता आले, तर सर्वांत जुना मधुमेह असलेल्या रुग्णांपासून तपासणी लगेच सुरू करता येईल.

आपला,
सदरलेखक